घरातला शक्तिवर्धक

बिनतारी संदेशविद्येचा इतिहास सांगताना बहुधा मोठमोठ्या केंद्रांचे उंच मनोरे आणि मोठमोठ्या कंपन्यांचे कारखाने डोळ्यांपुढे उभे केले जातात. परंतु ह्या विद्येची वाढ जितकी कारखान्यांत झाली तितकीच ती माणसांच्या राहत्या घरांतही झाली आहे. माळ्यावरची एखादी खोली, परसातली एखादी पत्र्याची शेड, खिडकीतून बाहेर नेलेली तार आणि रात्री उशिरापर्यंत कानाला यंत्र लावून बसलेला एक माणूस, हे दृश्य गेली शंभर वर्षे जगातील शेकडो गावांत दिसत आले आहे. ह्या माणसांना ‘हौशी’ म्हणतात. परीक्षा देऊन, सरकारचा परवाना घेऊन, स्वतःच्या खर्चाने ते संदेश पाठवितात आणि घेतात. त्यात त्यांना पैशाची प्राप्ती नसते आणि नियमाने ती असूही शकत नाही. त्यांच्या घरातील सर्व यंत्रांत जे सर्वांत जड, बहुधा सर्वांत महाग आणि निश्चितच सर्वांत धोक्याचे, ते म्हणजे निर्वात नळ्यांचा शक्तिवर्धक. तो विकत घेणे एक वेळ सोपे. वर्षानुवर्षे सांभाळणे अवघड. हा सांभाळ माणसे कशी शिकली आणि त्यासाठी त्यांना काय मोल द्यावे लागले, ही कथा जाणून घेण्यासारखी आहे.

शक्तिवर्धकाचे काम एका दृष्टान्ताने समजेल. कालव्याच्या दारावर पाटकरी उभा असतो. तो दार किंचित वर उचलतो, किंचित खाली सोडतो. त्याच्या हाताला फारसे बळ लागत नाही. पण त्या हालचालीप्रमाणे कालव्यातून लोटणारे पाणी शेकडो एकर भिजविते. निर्वात नळीत असेच घडते. काचेच्या नळीतून हवा काढून घेतलेली असते. तिच्यात एक तंतू तापविला जातो आणि त्या तापलेल्या तंतूतून विद्युत्कण बाहेर पडतात. समोर धातूची किंवा ग्रॅफाइटची प्लेट असते आणि तिला हजारो व्होल्टचा धन दाब दिलेला असतो. त्या दाबाने कण तिकडे खेचले जातात. मध्ये बारीक तारांची जाळी असते. ही जाळी म्हणजे पाटकरी. तिच्यावर येणारा दुबळा संदेश जसा चढतो-उतरतो, तसाच प्लेटकडे जाणारा प्रबळ प्रवाह चढतो-उतरतो. शंभर वॅटचा संदेश ह्या रीतीने हजार वॅटचा होऊन एरियलवर जातो.

ह्या नळीचा जन्म लंडनमध्ये झाला. जॉन अँब्रोज फ्लेमिंग ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०४ साली दोन अग्रांची नळी सिद्ध केली. वीज एकाच दिशेने जाऊ देणे एवढेच तिचे काम, म्हणून तिला ‘व्हॉल्व्ह’ म्हणजे झडप हे नाव पडले. आपल्याकडेही रेडिओ दुरुस्त करणारे पुढे हाच शब्द वापरू लागले. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट ह्याने त्या दोन अग्रांच्या जोडीला तिसरे अग्र घातले. त्याच्यापासूनच पुढची जाळी झाली. पण आपल्या हातून काय घडले आहे ह्याचा पुरता उलगडा प्रारंभी कोणालाच झाला नव्हता. १९१२ च्या सुमारास ही नळी क्षीण प्रवाहाला मोठे रूप देऊ शकते हे स्पष्ट झाले. त्याच वेळी कोलंबिया विद्यापीठातील एडविन आर्मस्ट्राँग ह्या विद्यार्थ्याने तिच्या प्रवाहाचा काही भाग पुन्हा तिच्याच जाळीवर आणून तिचे सामर्थ्य कितीतरी पटींनी वाढविले. पुढे अर्व्हिंग लँगम्यूर आणि हॅरल्ड आर्नल्ड ह्यांच्या संशोधनाने नळीतील हवा जवळजवळ पूर्ण काढणे साधले. त्यापूर्वी दाब वाढविला की आत उरलेला वायू निळा चमकू लागे आणि नळी निकामी होई. निर्वात खरोखर निर्वात झाला, तेव्हाच नळीकडून मोठी शक्ती घेता येऊ लागली. नळी जपणे म्हणजे तिच्यातील पोकळी जपणे, हा पहिला धडा तेथेच मिळाला.

त्या काळचे अमेरिकन हौशी मात्र अजून ठिणगीच्या यंत्रांवर काम करीत होते. उच्च दाबाची ठिणगी कडाडली की तिच्या धक्क्याने एरियलमध्ये लहरी उठत. आवाज मोठा, पण लहर फोफावलेली. एकाने संदेश पाठविला की शेजारच्या दहाजणांचे ऐकणे बंद पडे. जहाजांच्या आणि आरमाराच्या संदेशांतही त्यांचा व्यत्यय येऊ लागला, तेव्हा १९१२ साली अमेरिकन सरकारने कायदा केला. हौशींना २०० मीटरपेक्षा लांब लहर वापरण्यास बंदी झाली आणि शक्तीची मर्यादा एक किलोवॅट ठरली. त्या वेळच्या तज्ज्ञांच्या मते दूरच्या पल्ल्याला लांब लहरच हवी होती. आखूड लहरी म्हणजे निरुपयोगी पडीक जमीन. तेव्हा हौशींना दिलेली ही जागा म्हणजे देणे नव्हे, तर दूर सारणे होते. पण पडीक म्हणून मिळालेल्या जमिनीतच पुढे सोने निघाले.

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, अमेरिकन हौशींची केंद्रे बंद करण्यात आली. युद्ध संपले आणि १९१९ मध्ये परवानगी परत मिळाली, तेव्हा त्यांच्यापुढे एक नवीन वस्तू आली. युद्धाच्या गरजेने नळ्यांचे उत्पादन वाढले होते. थोड्याच काळात पाच वॅट, पन्नास वॅट आणि अडीचशे वॅट अशा नळ्या हौशींना दुकानात मिळू लागल्या. पाच वॅटची नळी आठ डॉलरला पडे. अडीचशे वॅटच्या नळीला एकशे दहा डॉलर मोजावे लागत. मध्यमवर्गीय घराला ही रक्कम लहान नव्हती. तंतूला जरा अधिक दाब दिला किंवा मेळ बसविताना चूक झाली, की एकशे दहा डॉलरची काच एका क्षणात काळवंडून जाई. हौशी माणूस मापक यंत्राकडे पाहून हात चालवावयास शिकला, तो ह्या भीतीनेच.

नळीची खरी परीक्षा १९२१ च्या डिसेंबरात झाली. अमेरिकन हौशींचे संदेश अटलांटिकपार ऐकू येतात की नाही हे पाहण्यासाठी त्यांच्या संघटनेने पॉल गॉडली ह्या जाणकाराला उत्तम ग्राहक यंत्र देऊन स्कॉटलंडला पाठविले. आर्ड्रॉसन गावाजवळ, समुद्रकाठच्या ओल्या शेतात, तंबू ठोकून आणि जमिनीलगत लांबच लांब तार पसरून तो थंडीत रात्री जागत बसला. पलीकडे कनेटिकट राज्यातील ग्रिनिच येथे काही हौशींनी मिळून ह्या परीक्षेसाठी एक केंद्र उभारले होते. त्यांत पूर्वी उल्लेखिलेला आर्मस्ट्राँगही होता. त्यांच्या यंत्राची रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे. अडीचशे वॅटच्या चार नळ्यांपैकी एक नळी केवळ स्थिर लहर निर्माण करीत होती आणि उरलेल्या तीन तिला बळ देत होत्या. लहर उत्पन्न करणारा निराळा आणि तिला वाढविणारा निराळा, ही विभागणी म्हणजेच शक्तिवर्धकाची कल्पना. ११ डिसेंबरच्या रात्री ह्या केंद्राचा संपूर्ण संदेश गॉडलीने स्कॉटलंडमध्ये उतरवून घेतला. ठिणगीची काही केंद्रेही त्याला ऐकू आली. पण नळीच्या केंद्रांचा स्वर स्वच्छ, एकसुरी आणि गोंगाटातून सहज वेगळा निघणारा होता. ठिणगीचे दिवस संपल्याचे त्या रात्री कळून चुकले.

पुढची पायरी दुतर्फी संभाषणाची. १९२३ च्या नोव्हेंबर अखेरीस फ्रान्समधील नीस येथील लेओं दलुआ आणि कनेटिकटमधील फ्रेड श्नेल ह्यांनी सुमारे ११० मीटरच्या लहरीवर अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरून एकमेकांशी प्रथम संभाषण केले. लगेच जॉन राइनार्ट्झही त्यात सामील झाला. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी तर त्याहून मोठे नवल घडले. न्यूझीलंडमधील मेंढपाळीच्या एका मळ्यावरून फ्रँक बेल ह्याने संदेश पाठविला आणि त्याला उत्तर दिले लंडनच्या मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर ह्या अठरा वर्षांच्या मुलाने. पृथ्वीच्या जवळजवळ दोन टोकांचे हे संभाषण शाळेच्या केंद्रावरून झाले होते. हाच गॉयडर १९३६ साली भारतात ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून आला. एवढ्या विस्तीर्ण देशात थोड्या केंद्रांनी आवाज पोहोचवायचा असेल तर लघुलहरींशिवाय उपाय नाही, असे त्याचे मत होते, आणि १९३७-३८ मध्ये दिल्ली, मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे लघुलहरींचे प्रक्षेपक उभे राहिले. आपल्या घरांत पोहोचलेल्या नभोवाणीच्या मागे शाळकरी वयातील एका हौशीचा अनुभव उभा होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

ह्या विजयांत नळीच्या शक्तीचा वाटा किती आणि लहरीच्या निवडीचा किती? प्रामाणिक उत्तर असे की, लहरीचा वाटा मोठा. मोठमोठ्या कंपन्यांची केंद्रे शेकडो किलोवॅट ओतून लांब लहरींवर जे साधीत, ते हौशींनी काहीशे वॅटमध्ये साधले, कारण आखूड लहरी आकाशातील विद्युन्मय थरावरून परतून पृथ्वीवर दूर उतरतात. गणितही हेच सांगते. ऐकणाऱ्याच्या यंत्रावर ताकदीच्या खुणा असतात. एक खूण वर चढावयाची तर शक्ती चौपट करावी लागते. म्हणजे शंभर वॅटचे हजार वॅट केले तरी पुरत्या दोन खुणाही वाढत नाहीत. उंच आणि नीट ताणलेली एरियल तेवढाच लाभ देऊ शकते, शिवाय ती ऐकण्याच्या कामीही येते. शक्तिवर्धक ऐकण्याला काडीची मदत करीत नाही. म्हणून जाणते हौशी नवशिक्याला सांगत आले आहेत: आधी कान, मग एरियल, आणि शक्तिवर्धक सर्वांत शेवटी. मात्र आकाशात खडखडाट असेल, पलीकडचा माणूस गोंगाटात बुडत असेल आणि संदेश पोहोचणे अगत्याचे असेल, तेव्हा त्या दोन खुणांनीच बाजी राखली जाते. शक्तिवर्धकाचे मोल त्या घटकेसाठी आहे.

मोठ्या शक्तीच्या पण घरात वापरता येतील अशा नळ्या घडविण्याचे श्रेयही बऱ्याच अंशी हौशींकडेच जाते. कॅलिफोर्नियातील विल्यम आयटेल आणि जॅक मॅककलो हे दोघे मुळात हौशी. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ज्या कंपनीत ते काम करीत, तिला नळ्या विकण्यास त्या काळच्या बलाढ्य आरसीए कंपनीने नकार दिल्यामुळे त्यांना काच फुंकण्यापासून सर्व काही स्वतः शिकावे लागले. १९३४ साली त्यांनी सॅन ब्रूनो येथे स्वतःचा कारखाना काढला. ‘आयमॅक’ हे नाव पुढे हौशींच्या घरोघरी झाले. त्यांच्या नळीची प्लेट टँटलम ह्या धातूची असे. ती लालबुंद तापली तरी वितळत नसे. उलट तापल्यावर आतील उरलासुरला वायू शोषून घेई. दुसऱ्या नळीत प्लेटची लाली म्हणजे मरणाची खूण. ह्या नळीत ती नेहमीच्या कामाचा भाग. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या रडार यंत्रांत ह्याच कारखान्याच्या नळ्या मोठ्या संख्येने लागल्या. हॅलिक्राफ्टर्स कंपनीने हौशींसाठी बनविलेला एक प्रक्षेपक सैन्याने थोड्या फेरफाराने उचलला आणि तो मोटारीत बसून रणांगणावर गेला. त्याच्या शेवटच्या टप्प्यातही आयमॅकचीच नळी होती.

परंतु ह्या शक्तीबरोबर घरात मृत्यूही येऊन बसला होता, आणि त्याची जाणीव व्हावयास एका थोर हौशीचा बळी पडावा लागला. रॉस हल हा मूळचा ऑस्ट्रेलियन. हौशींच्या ‘क्यूएसटी’ ह्या विख्यात मासिकाच्या संपादक मंडळात तो काम करी. अतिलघुलहरी क्षितिजापलीकडे का पोहोचतात ह्याचा त्याने अनेक महिने चिकाटीने अभ्यास केला आणि हवेच्या थरांतील तापमानाशी त्यांचा संबंध दाखवून दिला. यंत्रविद्येत त्याच्याइतका निष्णात माणूस हौशींत विरळा. १३ सप्टेंबर १९३८ रोजी दूरचित्रवाणीच्या एका प्रयोगयंत्रावर घरी काम करीत असता हजारो व्होल्टच्या वीजपुरवठ्याला त्याचा स्पर्श झाला आणि तो जागीच गेला. अज्ञानाने माणूस मरतो असे म्हणून समाधान मानण्याची सोय ह्या मृत्यूने ठेवली नाही. जो सर्वांना शिकवीत होता तोच गेला. त्यानंतर त्या मासिकाने सुरक्षिततेची मोहीमच उघडली. झाकण उघडताच वीज आपोआप तुटली पाहिजे, उच्च दाबाचा कोणताही भाग उघडा राहता कामा नये, यंत्रात हात घालण्यापूर्वी बटण बंद केल्याची स्वतः खात्री करावी, हे नियम पुढे हौशींच्या पुस्तकांत ठाम होऊन बसले.

भारतातील हौशींची वाट निराळी होती. १९२० च्या दशकापासून कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथे हौशी आणि त्यांची मंडळे काम करू लागली होती. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशींना प्रक्षेपक जमा करण्याचे हुकूम काढले. तरी घरात यंत्र जुळविण्याची विद्या जमा करता येत नाही. १९४२ च्या लढ्यात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालविला, तेव्हा त्याचा प्रक्षेपक जुळविला तो हौशी बिनतारीतले जाणकार नरिमन प्रिंटर ह्यांनी. ऑगस्ट अखेरीपासून १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडीपर्यंत ते यंत्र ह्या घरातून त्या घरात हलविले जात होते. नळ्यांची यंत्रे जड आणि नाजूक. धक्का बसला तर तंतू तुटतो. तरीही ती हलविली गेली आणि पुन्हा बोलू लागली, ह्यावरून त्या हातांचे कसब दिसते.

स्वातंत्र्यानंतर, १५ मे १९४८ रोजी, इंदूरजवळच्या महू येथे लष्कराच्या सिग्नल्स विद्यालयात भारतीय हौशींच्या देशव्यापी संघटनेचा प्रारंभ झाला. तेव्हा सबंध देशात हौशी मूठभर होते आणि तयार यंत्रे परदेशांतून आणणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते. त्यांचा आधार म्हणजे युद्धोत्तर ‘डिस्पोजल’चा माल. मुंबईच्या चोर बाजारासारख्या ठिकाणी लष्करी यंत्रांतून निघालेल्या ‘८०७’ आणि ‘८१३’ ह्या नळ्या मिळत. जुन्या लोखंडी पट्ट्यांवर हाताने ट्रान्सफॉर्मर गुंडाळून, पत्रा कापून, मापक यंत्रे जमवून हौशी आपला प्रक्षेपक उभा करी. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स ह्या सरकारी कारखान्यात १९६१ पासून रेडिओच्या आणि १९६७ पासून प्रक्षेपणाच्या नळ्या होऊ लागल्या. आपल्याकडील नियमांनी शक्तीही मर्यादित ठेवली. १९७८ च्या नियमांत सर्वांत वरच्या श्रेणीच्या परवान्यालाही ४०० वॅटचीच सीमा होती. त्यामुळे येथील हौशीने राक्षसी यंत्राचा हव्यास न धरता, जे हाती आहे ते दीर्घकाळ टिकविण्याची कला वाढविली.

दरम्यान अमेरिकेत शक्तिवर्धकाचे रूप पालटले. १९४७ पासून हौशींत संभाषणाची ‘सिंगल साइडबँड’ ही पद्धत पसरू लागली. तिच्यात आवाजाचा तोल राखून संदेश वाढवावा लागतो. जाळीवर गरजेपेक्षा जोर दिला तर आवाज फाटतो आणि लहर आजूबाजूच्या जागा व्यापते. ठिणगीच्या युगातला जुना दोष अशा रीतीने पुन्हा दाराशी येऊ शकतो. १९६१ च्या सुमारास कॉलिन्स कंपनीने ‘८११ए’ जातीच्या चार नळ्यांचा, टेबलावर ठेवता येईल असा शक्तिवर्धक काढला. ह्या कंपनीचा संस्थापक आर्थर कॉलिन्स हाही पंधराव्या वर्षी, १९२५ साली, आयोवातील आपल्या घरातून उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या मॅकमिलन मोहिमेशी संदेश जुळवून प्रसिद्धीस आलेला हौशी होता. कपाटाएवढे यंत्र टेबलावर आले. पण टेबलावर आल्याने त्याचा दाब कमी झाला नव्हता. दिसण्यात सौम्य झाल्यामुळे सावधगिरीची गरज उलट वाढली.

असा शक्तिवर्धक सांभाळणे म्हणजे नेमके काय? आयमॅकच्याच ‘३-५००झेड’ ह्या नळीचे उदाहरण घ्यावे. तिच्या तंतूला दाब अवघा पाच व्होल्ट, पण प्रवाह जवळजवळ पंधरा अँपियर लागतो. तर प्लेटला अडीच ते तीन हजार व्होल्ट. तंतू टंगस्टनचा असून त्यात थोरियम मिसळलेला असतो, आणि त्याचे आयुष्य तापमानावर अवलंबून असते. दाब फार वाढला तर तो लवकर झिजतो, फार उतरला तर पुरेसे कण निघत नाहीत. ज्या गावात विजेचा दाब दिवसातून चार वेळा चढतो-उतरतो, तेथे तंतूचा दाब मोजत राहणे हेच अर्धे संगोपन. हजार वॅट आत घेणाऱ्या यंत्रातून बाहेर सहाशेच्या आसपास पडतात. उरलेले चारशे उष्णता होऊन नळीत राहतात. ती उष्णता पंख्याने बाहेर काढली नाही तर काच आणि धातू ह्यांचा सांधा उकलतो, हवा आत शिरते आणि नळी संपते. म्हणून पंख्याची पाती आणि जाळ्या वरचेवर पुसाव्या लागतात, आणि काम थांबल्यावरही काही वेळ पंखा चालू ठेवणे हिताचे असते.

हवामानाप्रमाणे हा सांभाळ बदलतो. माळव्यात किंवा ग्वाल्हेरकडे उन्हाळ्यातील धूळ उच्च दाबाच्या भागांवर बसते आणि धुळीच्या थरावरून वीज सरपटत जाते. कोकणात आणि गोव्यात चार महिन्यांचा पाऊस तोच अपाय दमटपणाने करतो. तेथे बराच काळ बंद राहिलेले यंत्र आधी कोरडे होऊ द्यावे लागते. पेटीत वर्षानुवर्षे पडून असलेल्या नळीवर एकदम पूर्ण दाब देणे घातक. आधी काही तास नुसता तंतू तापवून आतला वायू शोषला जाऊ द्यावा, मग दाब टप्प्याटप्प्याने चढवावा. लहर बदलली की प्लेटकडचे दोन कंडेन्सर फिरवून मेळ पुन्हा बसवावा लागतो, आणि तो कमी शक्तीवर, अल्पावधीत. मेळ बिघडलेला असता नळीला मिनिटभर जरी राबविले तरी तिचे अनेक दिवसांचे आयुष्य खर्च होते. आधुनिक ट्रान्झिस्टरच्या यंत्रात संरक्षक मंडल चूक क्षणात पकडते. जुन्या नळीच्या यंत्रात ते काम माणसाच्या डोळ्याने आणि हाताने करावयाचे असते.

सर्वांत कडक शिस्त मात्र झाकण उघडतानाची. बटण बंद केले, भिंतीतील तार उपटली, म्हणून यंत्र निर्जीव होत नाही. त्यातील कंडेन्सर हजारो व्होल्टचा साठा धरून बसलेले असतात. तो साठा हळूहळू सांडून जावा म्हणून रोधक जोडलेले असतात, पण रोधकही जुना होऊन तुटू शकतो. म्हणून तार उपटल्यावर वाट पाहावयाची, मापकावर दाब शून्याला आला हे पाहावयाचे, आणि तरीही लांब दांड्याच्या, जमिनीशी जोडलेल्या धातूच्या टोकाने उच्च दाबाच्या प्रत्येक भागाला स्पर्श करून मगच हात घालावयाचा. जुने हौशी आणखी एक नियम पाळीत: यंत्रात एकच हात, दुसरा खिशात, म्हणजे वीज एका हातातून दुसऱ्या हातात छातीवाटे जावयास वाट उरत नाही. आणि थकलेल्या माणसाने, एकट्याने, अपरात्री हे काम करूच नये.

आज नवे शक्तिवर्धक बहुतांशी ट्रान्झिस्टरवर चालतात. ते हलके आहेत, तंतू तापण्याची वाट पाहावयास लावीत नाहीत, मेळही पुष्कळदा स्वतःच बसवितात. तरी नळ्यांचे शक्तिवर्धक नाहीसे झालेले नाहीत. ते मजबूत बांधणीचे असतात, क्षणभराची चूक पुष्कळदा सोसतात, आणि त्यांचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसत असल्यामुळे घरच्या घरी दुरुस्त होतात. १९६० आणि १९७० च्या दशकांतील अनेक यंत्रे आजही कामावर आहेत. ह्यामुळेच एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. यंत्रे त्यांच्या धन्यांपेक्षा दीर्घायुषी ठरली. वडील किंवा आजोबा गेल्यावर खोलीतली ती जड पेटी घरच्यांना अडचण वाटते. ती कोणाला तरी फुकट किंवा स्वस्तात दिली जाते, आणि घेणारा तरुण बहुधा बारा व्होल्टच्या यंत्रांवर वाढलेला असतो. त्याच्या बोटांना तीन हजार व्होल्टची ओळख नसते. यंत्र हवाली होते. पण ते उघडण्यापूर्वी काय करावयाचे, हे सांगणारा माणूस मागे राहिलेला नसतो.

म्हणून ज्याच्या घरी असा शक्तिवर्धक आहे त्याचे कर्तव्य केवळ तो चालू ठेवण्यावर संपत नाही. नळी कधी बदलली, तंतूचा दाब किती राखला, कोणता रोधक शंकास्पद आहे, साठा कसा सांडावयाचा, हे सर्व एका वहीत लिहून ती वही यंत्राच्या झाकणालाच बांधून ठेवावी. आणि प्रकृती धड आहे तोवर एखाद्या तरुणाला शेजारी बसवून ते झाकण त्याच्यादेखत उघडावे. रॉस हलच्या मृत्यूनंतर हौशींनी जी शिस्त शिकून घेतली, ती यंत्राबरोबर पुढच्या हातात गेली तरच ते देणे पुरे झाले असे म्हणता येईल.